पिवळ्या धातूचा मुकुट

कुठल्याही देवळात गेलो तरी माझी नजर आधी मूर्तीच्या मुकुटावर जाते, चेहऱ्यावर नंतर. बायको म्हणते, "अहो, रिटायर झालात, आता तरी पंचनामे आवरा." तिचं बरोबर आहे. पण कवठे महांकाळ तालुक्यातल्या त्या गावची घटना काही मनातून जात नाही, आणि जावी असं मला वाटतही नाही.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. नोकरीची शेवटची वर्षं त्या भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी म्हणून काढली. तिथले गुन्हे ठरलेले. बांधाची भांडणं, विहिरीवरच्या मोटारींच्या चोऱ्या, हातभट्टी. एका सकाळी हजेरी चालू असतानाच एका गावच्या देवस्थान समितीचे अध्यक्ष पाच-पंचवीस माणसं घेऊन ठाण्यात शिरले. द्राक्षबागायतदार, वजनदार माणूस. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, "सायेब, आमच्या देवीचा सोन्याचा मुकुट गेला."

मुकुट वर्षभर गाभाऱ्यातल्या लोखंडी पेटीत असायचा आणि फक्त यात्रेला बाहेर निघायचा. पूर्वी कुणा सरदाराने नवस फेडायला वाहिलेला, अशी गावाची समजूत. यात्रा तोंडावर आली होती. अध्यक्षांचे पाहुणे मुंबईहून आले, त्यांना दाखवायला म्हणून पेटी उघडली तर आत नुसतं फडकं. कुलूप शाबूत. किल्ल्या दोन, एक अध्यक्षांकडे आणि दुसरी गुरवाकडे.

कुलूप शाबूत म्हटल्यावर संशय गुरवावर जाणारच. त्याला बोलावलं. साठीचा, किडकिडीत माणूस, तीन पिढ्यांची पूजा त्याच्या घरात. मी विचारेन त्याला एकच उत्तर: "मला काय ठावं न्हाई सायेब." अध्यक्षच मध्ये पडले. "त्यो असलं करायचा न्हाई. तिसरी किल्ली कुणीतरी बनवून घेतली आसंल." मी गुरवाला सोडला, पण घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता, ते मी पाहून ठेवलं.

खबर आली ती सांगलीहून. दागिन्यांना सोन्याचं पाणी चढवणारा एक कारागीर माझ्या हवालदाराच्या ओळखीचा होता. त्याच्याकडे एक म्हातारा मिस्त्री मुकुटाचा तुटलेला कळस घेऊन आला होता, 'देवाचं काम आहे, झटपट पाहिजे' म्हणून. हवालदाराने फोन ठेवला आणि आम्ही निघालो. तिथल्या ठाण्याला कळवलं, दोन पंच घेतले आणि मिस्त्रीच्या घरी झडती घेतली. म्हातारा मुसलमान, सत्तरी कधीच ओलांडलेला, कानाने थोडा मंद. मुकुट ज्वारीच्या पिठाच्या डब्यात, स्वच्छ पंच्यात गुंडाळलेला. आम्ही शोधायच्या आधी त्यानेच डबा पुढे सरकवला.

जप्ती पंचनाम्यात आम्ही सोनं लिहीत नाही. लिहितो 'पिवळ्या धातूचा'. सराफाने सांगेपर्यंत सोनं हे सोनं नसतं. ठाण्यात अध्यक्षांनी मुकुट बघताक्षणी ओळखला, हात जोडले, आणि पंचनामा वाचून दाखवताच चिडले. "पिवळा धातू काय लिवताय? सोनं लिवा की. देवीचा आपमान हाय ह्यो."

मुद्देमाल मिळाला, आरोपी मिळाला. एरवी अशा वेळी ठाण्यात चहा मागवतात. पण आरोपीचं नाव बाहेर फुटलं आणि दुपारपर्यंत मोबाइलवर नको नको ते मेसेज फिरायला लागले. सांगलीत म्हाताऱ्याच्या मुलाचं गॅस-शेगडी दुरुस्तीचं दुकान होतं, त्या दुकानावर दगड पडला. ठाण्याच्या आवारात जीपा येऊन थांबल्या. "त्याला आमच्या ताब्यात द्या," इथवर मजल गेली. मी जादा कुमक मागवली आणि म्हाताऱ्याला लॉकअपमधून काढून माझ्या खोलीत बसवला.

विचारपूस मीच केली. ठाण्यातली पोरं त्याला चाचा म्हणत होती, मीही म्हणालो.

"चाचा, मुकुट का चोरला?"

"चोरला न्हाई सायेब. ह्यो मीच बनिवलाय."

"कधी?"

"लय वर्सं झाली. शिनेमाची शूटिंग झाली हुती त्या गावात, मी तिथं मिस्त्री हुतो. राणीच्या डोक्यावर पायजे हुता. शूटिंग सुखानं पार पडली म्हणून शिनेमाच्या मालकानं तिथंच देवीला वाहिला."

"मग तुमच्या घरात कसा आला?"

"कळस निसटला. दुरुस्तीला आला."

"कुणी आणून दिला?"

म्हातारा टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत म्हणाला, "ते सांगनार न्हाई. शब्द दिलाय."

मी समजावलं, दम दिला. त्याचं एकच. शब्द दिलाय. अशी माणसं पोलिसाला नको असतात. खोटं बोलणाऱ्याला पकडता येतं, गप्प बसणाऱ्याचं काय करणार? बाहेर त्याची म्हातारी जेवणाचा डबा घेऊन व्हरांड्यात बसली होती आणि फाटकाबाहेर घोषणा चालू होत्या. मला त्याचा राग आला होता, हे कबूल करतो. स्वतःबरोबर पोराच्या संसाराचाही खेळ मांडून बसला होता तो.

सराफ आला. कस लावला आणि मान हलवली. "साहेब, पितळ आहे. वरून मुलामा."

मला वाटलं, सुटला बिचारा. झालं उलटंच. अध्यक्ष उठून उभे राहिले. "बगा. सोनं वितळीवलं आन् तसलाच पितळंचा करून डब्यात ठेवला. उद्या ह्योच पेटीत सरकीवला आसता." बाहेरच्या गर्दीला ते लगेच पटलं. कुणालाही पटलं असतं. पितळेच्या मुकुटाने म्हाताऱ्याला जास्तच अडकवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती वेळ समोर येऊन ठेपली होती. दुसऱ्या दिवशी रिमांड. हा मुकुट नवा की जुना, एवढा एकच प्रश्न उरला, आणि त्याच्यावर एका माणसाची उरलेली जिंदगी लटकलेली.

मी पंचांना आणि सराफाला बसवून घेतलं, म्हाताऱ्यालाही समोर ठेवलं. "चाचा, कशाकशाचा बनवलाय ते दाखवा."

"घरातल्याच चिजांचा. आणि काय हुतं तवा आमच्याकडं?"

त्याने बोट ठेवत सांगितलं आणि मी भिंगातून पाहिलं. समोरचं मोठं कमळ म्हणजे वाऱ्याच्या स्टोव्हचा बर्नर होता. तो मी न सांगताही ओळखला असता. लहानपणी आईच्या स्टोव्हला पिन मारायचं काम माझ्याकडेच असायचं. दोन्ही बाजूंची सूर्यफुलं म्हणजे सायकलच्या घंटीच्या वाट्या. कानावरून लोंबणाऱ्या झालरीत शिवणयंत्राच्या बॉबिनी ओवलेल्या. कडेने फिरवलेली वेल म्हणजे उलगडून वाकवलेल्या पितळी बांगड्या. कपाळपट्टीवर ओळीने बसवलेले गोल टिकले मात्र मला उमगेनात.

"ह्या गुंड्या हायत. फौजेतल्या कोटाच्या," म्हातारा म्हणाला. "समदं त्याच गावातनं गोळा केलं हुतं. बायकांनी दिलं. चमकणारं काय आसंल ते आणा म्हनलं हुतं."

"आणि ही मधली गोल टोपी?"

"तपेली. बूड कापलं, पत्रा उलटा करून वाकीवला. भायली बाजू आत घातली."

"उलटा का?"

"त्येच्यावर नाव हुतं सायेब. कॅमेऱ्यात दिसलं आसतं."

आतून मखमलीचं अस्तर डकवलेलं होतं. पंचांसमक्ष ब्लेडने सोडवलं. काळपट पितळेवर ठोक्याठोक्यांनी कोरलेली अक्षरं होती. लग्नात मिळालेल्या भांड्यावर आपल्याकडे नाव घालतात, तसं. एका बाईचं नाव, सासरचं आडनाव आणि पुढे 'हिस आईकडून'. नाव मी इथे लिहीत नाही.

गावच्या पोलीस पाटलाला फोन लावला. या नावाची बाई गावात आहे का? ते म्हणाले, "हाय की. म्हातारी हाय, वड्याकडंला राहती. तिचं काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी, आरोपीला कोर्टात हजर करण्याआधी, मी बंदोबस्तात मुद्देमाल घेऊन त्या गावात गेलो. म्हाताराही बरोबर. देवळाच्या सभामंडपात सतरंजी टाकून मुकुट ठेवला. माझ्या नोकरीत माणसांच्या ओळख परेडी पुष्कळ झाल्या, वस्तूची अशी परेड मी एकदाच घेतली. गाव लोटलं होतं. अध्यक्ष पुढे, गुरव मागे खांबाआड.

म्हातारीला आणलं. पांढरं कपाळ, पातळाचा पदर डोक्यावर. ती मंडपाच्या पायरीशीच थांबली. विधवा बाईने यात्रेत देवीची ओटी भरायला पुढे यायचं नाही, ही त्या गावची रीत. मी म्हणालो, "आजी, वर या. सरकारी काम आहे." तेव्हा कुठे आली.

मी मुकुट हातात दिला नाही आणि काही सुचवलंही नाही. उलटा करून समोर धरला आणि विचारलं, "हे ओळखता का?"

तिला वाचता येत नव्हतं. तिने बोटाने ते ठोके चाचपले. "माझी तपेली हाय. आईनं दिल्याली. ह्येच्या काठाला पोचा हुता, लग्नातच पडला हुता गाडीतनं." काठ चाचपून तिने तो पोचाही दाखवला.

"ही कुणाला दिली होती?"

"शिनेमावाल्यांनी मागितली हुती. द्येतो माघारी म्हनलं हुतं. कुठनं द्येत्यात." लोक हसले. मग तिच्या शेजारची दुसरी म्हातारी वाकली आणि म्हणाली, "आगं, त्यो माझ्या इस्टूचा बर्नल हाय की." तिसरीने बांगड्या ओळखल्या. इतकी वर्षं त्या म्हाताऱ्यांना कुणी विचारलंच नव्हतं. सरदाराची गोष्ट नंतरच्या पोरांनी रचली होती आणि म्हाताऱ्यांनी फक्त लांबून हात जोडले होते.

पहिल्या म्हातारीचं बोट मात्र कपाळपट्टीवर येऊन थांबलं होतं.

"ह्या मालकांच्या कोटाच्या गुंड्या," ती म्हणाली. "कोट फाटला हुता. त्येंनीच काडून दिल्या शिनेमाला. पुढं रजा सपली, ग्येलं, ते आलंच न्हाईत. फौजेतनं त्येंची पेटी आली नुसती. पेटीत कोट नवा हुता." मग बोट तिथंच ठेवून म्हणाली, "मला वाटलं, त्येंचं काय ऱ्हायलंच न्हाई गावात."

तेवढ्यात खांबामागून गुरव पुढे आला आणि मिस्त्रीच्या पायाशी बसला. "मीच न्हेऊन दिला चाचाला. माझ्या बापानं सांगितलं हुतं, कळस निसटला तर त्येच्याकडंच न्हे, आन् कुणाला कळू द्यू नगं. गावाला सोनं वाटतंय. पितळ हाय म्हनलं तर माझ्यावरच आळ आला आसता. म्हनून मूग गिळून बसलो." म्हाताऱ्याने त्याला उठवलं आणि एवढंच म्हणाला, "मी न्हाई सांगितलं बग."

सगळ्या जबाबांनिशी अहवाल कोर्टात सादर केला. म्हातारा त्याच दिवशी मोकळा झाला. गैरसमजुतीने दाखल गुन्हा म्हणून सी समरी, म्हणजे केस बंद करायची शिफारस, पाठवली, ती मंजूर झाली. मुलाच्या दुकानाची काच अध्यक्षांनी स्वतः उभं राहून बसवून दिली. झालेलं नुकसान काच बसवून भरून निघतं असं नाही, पण मान खाली घालून ते तिथे उभे राहिले, हे मी पाहिलं. दगड मारणारा सापडला नाही. तो सल मला आहे.

पोलिसाला शिकवतात, दोन जबाब जुळले नाहीत की एक जण खोटा. या केसमध्ये अध्यक्ष म्हणत होते मुकुट आमच्या देवीचा, मिस्त्री म्हणत होता मी बनवला, आणि दोघेही खरे होते. खोटं होतं ते फक्त सोनं. आणि त्या एका खोट्याला घाबरून एक भला माणूस गप्प बसला आणि दुसरा तुरुंगाच्या दारात जाऊन आला. तेव्हापासून वस्तू कुणाची, हे विचारायच्या आधी मी विचारू लागलो, ती कशाची बनलीय आणि कुणाच्या हातून आलीय. उत्तर बहुतेक वेळा मागे उभ्या असलेल्या माणसाकडे असतं.

कोर्टाच्या हुकुमाने मुकुट परत द्यायचा होता. मी स्वतः घेऊन गेलो. सुपुर्दनाम्यावरही 'पिवळ्या धातूचा मुकुट' असंच लिहिलं होतं. अध्यक्षांनी वाचलं आणि सही केली. मिस्त्रीने मंडपात बसून कळस पक्का केला. म्हातारी नेहमीसारखी पायरीशी उभी होती. गुरव मुकुट घेऊन गाभाऱ्याकडे निघाला आणि अध्यक्षांनी त्याला थांबवलं.

"काकी, या. तुमच्या हातानं ठेवा."

ती हलेना. "मला चालतंय व्हय?" तिने विचारलं. तिने विचारलं गावाला, पण बघत होती माझ्या गणवेशाकडे. मी नुसता बाजूला झालो आणि वाट दिली.

ती गाभाऱ्यात गेली. मुकुट हातात घेतला आणि ठेवायच्या आधी पदराच्या टोकाने कपाळपट्टीवरची एकेक गुंडी घासून पुसली. म्हणाली, "रजा सपली की जाताना आशाच पुसून द्यायची मी."

मग तिने हात उंच करून मुकुट देवीच्या डोक्यावर ठेवला.