आंबिलीतलं सातवाहन नाणं

आमच्या बिनसमुद्राच्या मुरुडमध्ये हरवलेली वस्तू शोधायची असेल तर वैजनाथला सांगू नये. तो भलतंच काहीतरी उकरून आणतो आणि वर त्याचा इतिहास ऐकवतो. त्याचं रान माझ्या बांधाला लागून, म्हणून हे भोग जास्त करून माझ्याच वाट्याला.

दोन वर्षांपूर्वी त्याने फोनवर बघून जमिनीतला धातू शोधायचं मशीन मागवलं. तेव्हापासून गडी शेतकरी राहिला नाही, संशोधक झाला. इकडे तुरीत तण माजलं आणि हा कानाला हेडफोन लावून बांधाबांधाने हिंडतोय. मशीन ओरडलं की उकरायचं. निघायचं काय, तर मोडका फाळ, दारूच्या बाटल्यांची बुचं आणि एकदा माझाच हरवलेला पाना. तो त्याने मला दिला नाही. निजामकालीन म्हणून कपाटात ठेवला.

त्याची आई धुरपताबाई, आमच्या काकू. ऐंशीच्या पुढच्या, डोळ्यांनी अधू. त्यांच्याकडे तांब्याचं एक जुनं नाणं होतं, कडेला नखाएवढी खाच असलेलं. सासूने लग्नात हातावर ठेवलेलं, सासूला तिच्या सासूने. वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्या येळवशीला, रानातल्या कडब्याच्या कोपीत पूजा मांडली की काकू ते चिंचेने घासून लख्ख करायच्या आणि कलशाच्या तांब्यात टाकायच्या. घराण्यातल्या बायांनी घासून घासून त्यावर एक अक्षर शिल्लक ठेवलं नव्हतं.

गेल्या येळवशीला घोटाळा झाला. जेवणं आटोपल्यावर पिकावर आंबील शिंपायची असते. वैजनाथ फोनवर कुणाला तरी शिलालेख समजावून सांगत होता. त्याने हाताला लागला तो तांब्या उचलला, नेमका पूजेचा. त्यात ताकाची आंबील ओतली आणि फोन न सोडता ज्वारीवर उधळून आला. तांब्या घरी आला तो रिकामा. तेव्हापासून काकूंचं एकच पालुपद.

"वैजनाथा, तुजं मशीन कोपीच्या आसपास फिरव की रं. डोळे मिटायच्या आत एकदा कलशात टाकू दे मला."

"माय, आपण इतिहास शोधायलो. तुजा ढबू पैसा हुडकायला मशीन न्हाई घेतलं," हे त्याचं ठरलेलं उत्तर. मला मात्र त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटायचा.

सोयाबीन निघाल्यावर वैजनाथला त्याच रानात, कोपीच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर, तांब्याचं नाणं सापडलं. गुळगुळीत आणि हिरवंगार. तुम्ही ओळखलंत, मीही ओळखलं. ओळखलं नाही ते एकट्या संशोधकाने.

"काकूंचं तर न्हाई ते?" मी विचारलं.

"मायचं लाल व्हतं, लखलखीत. हे हिरवं हाय. रंग दिसंना व्हय तुला?"

तांब्याला ताक लागून राहिलं की ते हिरवं पडतं हे घरातल्या कुठल्याही बाईने सांगितलं असतं, पण संशोधक बायांना विचारत नाहीत. त्याचा सिद्धांत तयार होता. तेर आमच्यापासून जवळ. सातवाहनांच्या काळात तेरचे व्यापारी इथूनच जायचे. त्यातला एक वैजनाथच्या रानात पाणी प्यायला थांबला आणि नाणं पडलं. त्या रानात आजही उन्हाळ्यात चिमणीला पुरेल एवढं पाणी नसतं, पण ते असो.

नाणं घेऊन तो नांदेडच्या एका कॉलेजातल्या इतिहासाच्या सरांकडे निघाला. मीही गेलो. खोटं कशाला बोलू, गुरुद्वाऱ्यातलं लंगर जेवायला गेलो.

सरांनी भिंगातून दोन्ही बाजू पाहिल्या. "शेतात पडून नाणं असं झिजत नाही," ते म्हणाले, "हे हातांनी झिजलंय. घरात पूजेला होतं का?"

"छे!" वैजनाथ दुखावला. "सातवाहनांचं असू शकत न्हाई का, सर?"

"शिवराई असेल, निजामाचं असेल. वाचायला काही उरलंच नाही, तर मी नक्की काय सांगणार?"

झालं. 'नांदेडच्या तज्ज्ञांनीही नाकारलं नाही' असा मजकूर संध्याकाळपर्यंत गावातल्या सगळ्या फोनवर पोचला. येळवशीच्या आठवडाभर आधी सत्कार ठरला. चौकात बॅनर लागलं. त्यावर वैजनाथचा फोटो नाण्याच्या दहापट मोठा होता.

सत्काराला मातोश्रींच्या हस्ते नाण्याचं अनावरण. काकूंना धरून स्टेजवर नेलं. मखमलीच्या तुकड्यावरून त्यांनी नाणं उचललं, बोटांत फिरवलं. कडेच्या खाचेवर अंगठा आला आणि थांबला.

"सापडलं म्हण की," काकू म्हणाल्या आणि नाणं पदराच्या टोकाला बांधू लागल्या.

वैजनाथने हातातला माइक तोंडाशी नेला. "माय, ते सातवाहनांचं हाय. दोन हजार वर्सं मातीत पडलं व्हतं."

"आसंल की बाबा. पर टाकलं तर तूच, मागल्या येळवशीला. आंबिलीसंगट."

हे त्याच्या हातातल्या चालू माइकवरून सगळ्या चौकाने ऐकलं. लोक पोट धरून हसले, मीही हसलो. पण काकूंचे डोळे वाहत होते, ते बघितल्यावर मला हसवेना. वैजनाथ शाल पांघरून उभा होता. ती काढावी की ठेवावी हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

बॅनर अजून चौकात आहे. वैजनाथच्या मते आई थकली आहे आणि सिद्धांत शाबूत आहे.

येळवशीला काकूंनी नाणं चिंचेने घासलं. हिरवं सगळं गेलं. मग ते कलशात टाकून त्यांनी हात जोडले. जेवणं झाली. आंबील शिंपायला वैजनाथ उठला आणि पुन्हा पूजेचाच तांब्या उचलू लागला. काकूंनी त्याचं मनगट धरलं, तांब्यात हात घालून नाणं काढलं, पदरात बांधलं आणि मग तांब्या त्याच्या हाती दिला.

"जा, आता शिंप," त्या म्हणाल्या. "आणखी दोन हजार वर्सं वाट बगायला मला येळ न्हाई."