पपई, पेरॉक्साइड आणि मेश्राम सिस्टर

“ही भाजी आजपासून बंद!” सर्जनसाहेब राउंडमध्ये सगळ्यांसमोर कडाडले. “वॉर्ड आहे हा. स्वयंपाकघर नाही.”

मेश्राम सिस्टर ट्रे घेऊन तशाच उभ्या होत्या. ट्रेमध्ये गॉजवर पसरलेला कच्च्या पपईचा कीस. मी त्या हॉस्पिटलचा फार्मासिस्ट. पपईला मीच रुकार दिला होता, साहेबांकडून परवानगीही मीच आणली होती. पण त्या वेळी मी खाली मान घालून गप्प राहिलो. त्याची लाज मला अजून वाटते.

पेशंटचं नाव दौलत. सावनेरकडच्या कोळसा खाणीतला कामगार. अंगावर छत कोसळून कणा मोडला होता, कमरेखाली काहीच कळत नव्हतं. आपण झोपेतसुद्धा कूस बदलतो, म्हणून आपली कातडी शाबूत राहते. ज्याला हलताच येत नाही, त्याच्या हाडावरची कातडी दबून दबून मरते आणि तिथे जखम होते. हाच बेडसोअर. दौलतला माकडहाडाच्या वर तळहाताएवढा होता, आणि तोही आमच्याकडे येण्याआधीचा. आमच्याकडे मेश्राम सिस्टर त्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवायच्या आणि पलंगाला टांगलेल्या पाटीवर वेळ लिहायच्या. रजेवर गेल्या तरी परत आल्यावर आधी ती पाटी बघायच्या. खाडा दिसला की ज्याची ड्युटी असेल त्याची खैर नसे.

खरी अडचण जखमेच्या आत होती. मेलेल्या मांसाचा पिवळट, चिवट थर. त्याला स्लफ म्हणतात. तो निघाल्याशिवाय खाली नवं मांस येत नाही आणि वर दुसरीकडची कातडी लावता येत नाही. साहेबांनी तो दोनदा कापून काढला. दोन्ही वेळा भरपूर रक्त गेलं आणि थर पुन्हा धरला. त्यात दौलतला रोज ताप. “तिसऱ्यांदा चाकू लावला तर टेबलावरच जाईल,” साहेब म्हणाले. “आणि नाही लावला तर हे विष रक्तात उतरेल.” स्लफ विरघळवणारं मलम मागवलं होतं. ते काही येईना.

दौलतची बायको यमुना रोज माझ्या खिडकीशी यायची. “आलं का जी ते औषध?”

एक दिवस तिच्या मागोमाग सिस्टर आल्या. “सर, एक विचारू? हसाल तं नाही ना?”

“विचारा.”

“मटण जून असलं तं माही माय त्याले कच्ची पपई लावते. घंटाभरात गळते. मंग हे मेलेलं मांस काहून गळणार नाही जी?”

मी हसणारच होतो. पण माझ्या पाठीमागच्या कपाटात पचनाच्या औषधाच्या बाटल्या होत्या आणि त्यांच्या लेबलवर लिहिलं होतं, पपेन. म्हणजे पपईच्या चिकातलं मांस पचवणारं द्रव्य. पदवी माझ्याकडे, आणि डोकं चाललं बाईंचं! मी साहेबांकडे गेलो. त्यांनी आठ दिवस दिले. मी ऐटीत ड्रेसिंगचा कागद टाइप करून दिला: जखम हायड्रोजन पेरॉक्साइड या जंतुनाशकाने धुवा, भोवतीच्या चांगल्या कातडीला व्हॅसलीनची कड द्या, मग पपई.

सिस्टर रोज घरच्या झाडाची पपई आणायच्या. सुरी उकळून घ्यायच्या, हात घासून घासून धुवायच्या. आठवडा गेला, पण थर तसाच. ताप वाढला. आणि मग साहेबांचं ते भाजीचं वाक्य.

राउंड संपल्यावर मी सिस्टरांना म्हटलं, “माफ करा, मी बोलायला हवं होतं.”

“माह्यं जाऊ द्या जी. त्याचं काय करता?” त्यांनी दौलतकडे बोट दाखवलं. तो कुशीवर पडून भिंतीकडे बघत होता. “मटणाले लागू पडते, तं माणसाले काहून नाही? काही तरी चुकून राहिलं आपलं.”

इतक्या वर्षांत मी एकही ड्रेसिंग पाहिलं नव्हतं. माझं राज्य खिडकीच्या आत. त्या दिवशी साहेबांनी राउंडला बोलावलं म्हणून वॉर्डात आलो होतो, तो ड्रेसिंग बघायला मुद्दाम थांबलो. सिस्टरांनी जखम उघडली आणि पेरॉक्साइड ओतलं. फसफस फेस आला. हा फेस सगळ्यांना आवडायचा. काही तरी होतंय असं वाटायचं. बाटलीवर माझ्या हातचं लेबल होतं. ते बघताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे बाप्पा! पेरॉक्साइड तर पपेनलाच मारतं. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. आम्ही रोज आधी मारेकरी ओतत होतो आणि मग औषध लावत होतो.

कँटीनमधून कोमट दूध मागवलं. दोन ग्लास साहेबांच्या टेबलावर ठेवले. एकात पपईचा चीक टाकला. दुसऱ्यात पेरॉक्साइड मिसळलेला चीक टाकला. थोड्याच वेळात पहिलं दूध फाटलं. दुसरं जसंच्या तसं.

“पपई काम करते, सर,” मी म्हणालो. “तिला मी मारत होतो. कागद माझा आहे. सिस्टरांनी त्यात काडीचाही बदल केला नाही.”

साहेबांनी दोन्ही ग्लास उचलून हलवून पाहिले. “पेरॉक्साइड बंद. नुसत्या सलाइनने धुवा. आणखी चार दिवस देतो. त्यापुढे मला थांबता येणार नाही.”

तिसऱ्या दिवशी थराची कड सुटली. चौथ्या दिवशी गॉजबरोबर मोठा तुकडा निघून आला आणि खाली लालचुटुक मांस दिसलं. सिस्टर डोळे पुसत दौलतवर ओरडल्या, “हलू नको गा!” बिचारा हलणार कसा? तोच पहिल्यांदा हसला. पुढे ताप उतरला, साहेबांनी कातडी लावली, ती धरली. दौलत चाकाच्या खुर्चीत बसून सावनेरला गेला. यमुनेने ती पाटी मागून नेली.

आता तयार औषधं मिळतात, तेव्हा घरी कोणी पपई किसू नये. मी मात्र त्यानंतर नवं औषध दिलं की ते लावताना एकदा तरी वॉर्डात जाऊन बघायचो. कागदावरची चूक कागदावर दिसत नाही.

दौलत घरी गेल्यावर काही महिन्यांनी स्त्रियांच्या वॉर्डात तशीच एक पेशंट आली. सिस्टरांची ड्युटी तेव्हा तिथेच होती. राउंडमध्ये साहेबांनी मागे वळून विचारलं, “सिस्टर, झाडाला पपया आहेत का?”

“आहेत ना जी. भाजीले पाहिजेत का, साहेब?”

साहेबांनी चष्मा काढला.

“नाही, सिस्टर. औषधाला. त्या दिवशी मी चुकलो.”

या खेपेला ड्रेसिंगचा कागद सिस्टरांनी सांगितला. मी फक्त टाइप केला.