सासऱ्यांचा टेप आणि साडूंचा कॉम्प्युटर

साडूंचं आणि माझं एका गोष्टीवर अजून एकमत झालेलं नाही: टीव्हीला जोडायचा कार्ट्रिजचा गेम चांगला, की कॅसेटवर चालणारा घरगुती कॉम्प्युटर? दोन्ही वस्तू बाजारातून कधीच हद्दपार झाल्या. तरी रविवारी संध्याकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाला, अकोट्याला त्यांच्या गॅलरीत शेव-उसळ समोर आली की मी सुरुवात करतो.

"तुमचा डबा चालू होईपर्यंत माणसाला डुलकी लागायची."

"तुमच्या डब्यात दुसऱ्यानं भरलं तेवढंच होतं, शेठ. माझ्यात मला हवं ते भरता यायचं."

'शेठ' हे ते मला दुकानामुळे म्हणतात. जिन्याखाली टेबल टाकून मी रेडिओ दुरुस्त करायला लागलो आणि त्यातून कारेलीबागेत स्वतःचं दुकान उभं केलं. साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, कोयलीच्या रिफायनरीत इंजिनिअर. पहिल्यापासून पगारदार. घासाघीस कशाशी खातात ते त्यांना माहीत नाही.

बाजार नुकता खुला झाला होता तेव्हाची गोष्ट. परदेशी वस्तू गल्लीबोळांत मिळू लागल्या होत्या. दिल्लीच्या व्यापाऱ्याशी फोनवर दोनदा भांडून, दोनदा फोन आपटून मी टीव्ही गेमचा माल मिळवला होता. त्यातला एक दिवाळीत सासुरवाडीला नेला. सासरे रेल्वेतून निवृत्त, घरही कारेलीबागेतच. मी वायर जोडतोय तोवर साडूही त्यांचा कॉम्प्युटर पिशवीतून काढत होते, देव्हाऱ्यातले देव काढावेत तसा. माझ्याकडे बघून घरभर ऐकू जाईल असं म्हणाले, "छान खेळणं आहे हं, शेठ."

खेळणं! माझं डोकं तापलं. सासऱ्यांसमोर, बायकोसमोर माझा सगळा धंदा या माणसानं एका शब्दात जत्रेत बसवला.

"खेळणं? मग तुमचं काय, वेधशाळा?"

सासरे इकडच्या गुजराती वळणाचा 'ने' लावत मध्ये पडले. "एकच मशीन लावा ने! ही वायर घाल, ती काढ करून माझ्या टीव्हीचं भोक सैल कराल. दोघं एकेकदा दाखवा. ही ठरवेल ते दिवाळीभर राहील."

ही म्हणजे सासूबाई. मशीन कुणाचंही राहो, मला तो शब्द परत घ्यायला लावायचा होता.

पहिली पाळी माझी. कार्ट्रिजला फुंकर मारली, खोचलं, बटण दाबलं, रणगाडे हजर. सासूबाईंनी करंज्यांचं पीठ पदराला पुसून एक रिमोट घेतला, दुसरा सासऱ्यांना दिला. थोड्याच वेळात त्यांनी आपलाच किल्ला उडवला. सासरे ओरडले, "अगं, आपण एका बाजूचे!" त्या म्हणाल्या, "मग मध्ये कशाला आलात?" घर हसत होतं. साडूसुद्धा.

मग त्यांची पाळी. कॉम्प्युटर त्यांनी स्कूटरवरून आणला होता, पण कॅसेट वाजवायला स्वतःचा टेप आणला नव्हता. इथे सासऱ्यांचा आहेच की! त्याला वायर जोडून त्यांनी बटण दाबलं. कानात सुई जावी तसा आवाज, टीव्हीच्या कडेला रंगीत पट्टे, आणि मग सगळं ठप्प. पुन्हा लावलं, पुन्हा ठप्प. कोलन वॉटरच्या बोळ्यानं त्यांनी टेपचं हेड पुसलं. आवाज कमी केला, वाढवला. कपाळावर घाम आला.

"घरी तर बरोबर चालतं," ते म्हणाले.

"सगळ्यांचं घरी बरोबरच चालतं," मी म्हणालो. आणि त्याच क्षणी मला आठवलं.

श्रावणात सासरे हाच टेप घेऊन दुकानात आले होते. "भजनवाले फार पळतात. मला त्यांच्याबरोबर म्हणता येत नाही. जरा हळू कर ने." जावई नाही म्हणतो का? मोटरचा स्क्रू थोडा फिरवला. कॅसेटवरच्या भजनी बुवांचा आवाज घोगरा झाला, पण सासऱ्यांना सूर धरता येऊ लागला. साडूंच्या कॅसेटवरचा प्रत्येक आवाज आता त्या बुवांच्या चालीनं निघत होता. कॉम्प्युटरला कसा कळणार?

मी खिशातला पेचकस काढला. "दोन मिनिटांत चालू करतो. पण आधी तो शब्द मागे घ्या."

"कोणता शब्द?"

"तुम्हाला ठाऊक आहे."

"अडवणूक करता?"

"धंदा करतो. गरज तुमची, भाव माझा."

साडूंनी आणखी एकदा बटण दाबून पाहिलं, पुन्हा ठप्प. शेवटी म्हणाले, "बरं. मशीन."

"कुणाचं काय?"

"तुमचं मशीन आहे. खेळणं नाही. झालं?"

झालं. मी स्क्रू मूळ जागी आणला. पुन्हा कर्कश आवाज सुरू झाला. बराच वेळ लागतो म्हणून सगळे बसून राहिले. चकल्या आल्या, सासऱ्यांनी चुकलेल्या सिग्नलची गोष्ट सांगितली. वाट बघण्याचा तो वेळ छान गेला, पण हे मी साडूंना कधी सांगणार नाही.

खेळ आला तो त्यांनी स्वतः टाइप करून बनवलेला होता. वरून लाडू पडायचे आणि खाली ताट सरकवून ते झेलायचे. लाडू चौकोनीच होते. सासूबाईंनी विचारलं, "हा तुम्ही केलात? घरी बसून?" आणि निकाल साडूंच्या बाजूनं लागला. मी तोंड वाकडं केलं, पण शब्द माझ्या खिशात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चहा घेत असताना पूजेच्या खोलीतून ओरडा आला. "अरे, हे बुवा पुन्हा पळायला लागले! काय केलंस माझ्या टेपला?"

मी पेचकस घेऊन उठलो.

"शेठ, हा तुमचा डाव आहे," साडू म्हणाले.

"सासऱ्यांचा हुकूम आहे. तुम्ही मोडा."

ते कसले मोडतात! बुवा पुन्हा संथ झाले, सासरे आनंदानं गाऊ लागले, आणि कॉम्प्युटर मुकाट पिशवीत गेला. टीव्हीला माझी वायर लागली.

आता साडू म्हणतात, पेचकस रोखून घेतलेला शब्द शब्दच नव्हे. ते खेळणं ते खेळणंच. मी भडकतो. मग त्यांना त्याच दिवसाच्या दुपारची आठवण करून देतो. मी एकटाच रणगाडे चालवत होतो. साडू आधी दाराशी आले, मग शेजारी मांडी घालून बसले.

"तो दुसरा रिमोट इकडे द्या ने."

सासूबाईंनी तीनदा हाक मारली. पानं वाढून झाली होती, वरण निवलं. साडू टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "आलोच, एवढा एक किल्ला."