वीज गेली म्हणून ऐकू आलं

मंडळी, चार तास झाले, सकाळचीच गोष्ट अजून मनात घोळतेय.

कुंभकोणमच्या आमच्या गल्लीत यंदाच वीज आली. आज सकाळी भजनमठात पहिल्यांदा लाउडस्पीकर लावला. "कर्णा गल्लीकडे करा, घरबसल्या सगळ्यांना ऐकू जाईल," असं मीच हौसेनं सांगितलं.

तासाभरानं वीज गेली. कर्णा बंद पडला आणि भिंतीपलीकडून क्षीण हाक आली, "कोणी आहे का?"

धावलो. शेजारी एकट्या राहणाऱ्या लक्ष्मीअक्का विहिरीपाशी घसरून पडल्या होत्या. पाय मोडलेला, अंग उन्हानं तापलेलं.

"अक्का, केव्हा पडलात?"

"तुमचं भजन सुरू झालं तेव्हाच. खूप हाका मारल्या. मग दमले, आणि पडल्या पडल्या तुमच्याबरोबर म्हणत राहिले."

एरवी त्यांच्या हातून भांडं पडलं तरी आम्हाला मठात कळतं.

अक्का आता इस्पितळात आहेत. जिवाला धोका नाही, असं डॉक्टर म्हणाले. मठात परतलो तर वीज आली होती. "लावा कर्णा," लोक म्हणाले. माझा हात बटणाकडे जाईना.

तुम्ही लावला असता का?