लॅपटॉपमधला कोंबडा

आमच्या रिसालीच्या घरात भरदुपारी कोंबडा आरवायचा. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलंच, "कोंबड्या पाळल्या काय?" पाळल्या नव्हत्या. तो कोंबडा आईच्या लॅपटॉपमध्ये राहायचा. लॅपटॉपसोबत कंपनीनेच घालून दिलेला एक खेळ होता. पडद्यावर चित्रं मांडलेली असायची, वेळ संपायच्या आत सारख्या चित्रांच्या जोड्या माऊसने टिपायच्या. एक टप्पा पार झाला की कोंबडा बांग द्यायचा.

आता कोणी म्हणेल, साठी उलटलेली बाई दुपारभर हे काय खेळत बसते? तर आईला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. पाय सावरला, बोलणं तर पाहता पाहता पहिल्यासारखं धारदार झालं, पण उजवा हात रुसून बसला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी दाबायला रबराचा चेंडू दिला. "मी काय लहान लेकरू आहो?" म्हणून आईने तो पलंगाखाली भिरकावला. डाव्या हाताने, अर्थातच. मग एका दुपारी कंटाळून तिने लॅपटॉप उघडला आणि तिला हा खेळ सापडला. माऊस धरता येईना, बोट दाबायला जावं तर बाण भलतीकडेच पळे. पहिला टप्पा पार व्हायला अख्खा पावसाळा गेला. कोंबडा पहिल्यांदा आरवला त्या दिवशी बाबांनी पेढे आणले, आता बोला! तेव्हापासून आईच्या मनाने घेतलं की हात चालतो तो या खेळामुळेच. खेळ बंद पडला की हातही बंद पडणार.

आणि हिवाळ्यात लॅपटॉप बसला. आतून टकटक आवाज आला, पडदा काळा झाला, त्यावर इंग्रजीत दोन ओळी उमटल्या आणि खेळ खल्लास.

बाबा इथल्या स्टील प्लँटमधून रिटायर झालेले, उभी हयात मेंटेनन्समध्ये गेलेली. तिथली शिस्त अशी की मशीन उघडायची तर आधी वीज तोडायची आणि स्विचला लाल पाटी अडकवायची, म्हणजे कोणी चुकून चालू करणार नाही. रिटायर झाल्यावर ती शिस्त आमच्या घरात राहायला आली. मिक्सर उघडला तरी पाटी. लॅपटॉपच्या प्लगलाही लागलीच: 'काम चालू आहे. हात लावू नये.'

"अजी, हात लावाले आहे कोण इथं?" आई उखडली. "माझा तं आधीच चालत नाही."

"नियम म्हणजे नियम," बाबा म्हणाले. त्यांनी सगळे स्क्रू काढले, आत फुंकर मारली, सगळे स्क्रू परत लावले. लॅपटॉपवर शून्य परिणाम.

शेवटी मी आणि बाबा तो सुपेल्याच्या बाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात घेऊन गेलो. दुकानदाराने तो कानाला लावून ऐकला. "अंकल, हार्ड डिस्क गई. नई डाल देता हूँ, सिस्टम भी नया डाल दूँगा."

"उसमें मुर्गा आएगा क्या?" मी विचारलं.

"कौन सा मुर्गा, दीदी?"

भर दुकानात आरवून दाखवायचं तेवढं मी बाकी ठेवलं. तो म्हणाला, तो खेळ कंपनीचा, जुन्या डिस्कबरोबर गेला. हवाच असेल तर कंपनीची मूळ सिस्टीमच परत टाकावी लागेल, आणि ती कधी? लॅपटॉप नवा असताना त्याच्या रिकव्हरीच्या सीड्या बनवून ठेवल्या असतील तर.

बनवल्या होत्या ना! मीच बनवल्या होत्या, तीन, मार्करने नंबर टाकून. नवी डिस्क बसवून घेतली आणि ऐटीत घरी आले. टीव्हीखालचं कपाट उघडलं तर रिकामं. रिकव्हरीच्या नाहीत, गाण्यांच्या नाहीत, माझ्या लग्नाच्यासुद्धा नाहीत.

"बाबा, इथल्या सीड्या कुठं गेल्या?"

बाबांनी पेपर खाली केला. मग खिडकीबाहेर पाहिलं.

अंगणात आमचं पेरूचं झाड आहे, इथल्या हिंदी मुलखात त्याला बिही म्हणतात. फळ धरलं की पोपटांच्या झुंडी उतरतात. त्या झाडावर माझं लग्न, भजनं आणि आईचा कोंबडा, सगळं दोऱ्याने टांगलेलं, उन्हात झगमगत होतं.

"चकाकी पाहून पोपट भेतात," बाबा पुटपुटले. एक पोपट तिथेच बसून निवांत पेरू खात होता.

"माझा हात झाडाले टांगला तुमी!" आई ओरडली. मी हसायला तोंड उघडलं तेवढ्यात ती रडायलाच लागली. "आता हा पुन्हा लाकूड होऊन जाईल. मी सांगून राहिली ना, होऊनच जाईल." माझं हसू जागच्या जागी विरलं. बाबा उठले आणि शिडी घेऊन आले.

एक नंबर खालच्याच फांदीवर मिळाली, तीन नंबरही. दोन नंबर पार शेंड्याला. बाबा शिडीच्या शेवटच्या पायरीवर, खाली आई डोळे पुसत हुकूम सोडते आहे, "अजी, जपून! माझ्याच्यानं दोन बिमार सांभाळनं होत नाही!"

तिन्ही सीड्या साबणाच्या पाण्याने धुतल्या, मऊ कपड्याने पुसल्या. बरं की त्या याच मोसमात टांगल्या होत्या, नाहीतर उन्हाने कधीच खाल्ल्या असत्या. एक नंबर सुरळीत गेली. दोन नंबरला गाडी अडली. पडद्यावरची पट्टी पुढे सरकेना, आतून नुसती घरघर. आई पदर तोंडाशी धरून बसलेली. मी सीडी काढली तर कडेला पाखराच्या विष्ठेचा ठिपका तसाच. मला बाबांचा असा संताप आला! पण त्यांचं तोंड इतकं उतरलेलं की बोलवेना. पुन्हा पुसली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या खेपेला गेली, मग तिसरीही गेली. लॅपटॉप चालू झाला तो थेट नवा कोरा होऊन, अंगावर एक फाइल नाही. फोटो तेवढे मी आधीच पेन ड्राइव्हवर ठेवले होते. आणि कोपऱ्यात, देवाशपथ, कोंबड्याचं चित्र! बाबांनी रीतसर लाल पाटी उतरवली.

आई अकराव्या टप्प्यावर पोहोचली होती. तेही अर्थातच पुसलं गेलं. "म्हणजे पुन्हा पहिल्यापासून," ती म्हणाली आणि उसासा टाकून बसली. "पुढचा पावसाळा गेला समज."

मी चहा ठेवायला आत गेले. पाणी उकळायच्या आत कोंबडा आरवला. चहापत्ती टाकली तर पुन्हा आरवला. कप घेऊन बाहेर येते तोवर तिसऱ्यांदा. आणि आई चांगलीच भडकली होती.

"हे आपलं नाही. सुपेल्याच्या त्या दुकानदारानं सोपं करून देलं काहीतरी."

"अवं, तेच आहे ते," बाबा म्हणाले. "कंपनीतून आलं होतं, तसंच्या तसं."

"मंग इतक्या लवकर कावून झालं?"

बाबा तिच्या हाताकडे पाहत होते, मीही. आईने आमच्याकडे पाहिलं, मग माऊसवरच्या आपल्या हाताकडे. बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली.

"कणीक भिजवली काय तू?" तिने मला विचारलं.

"नाही अजून."

"मंग भिजव. पोळ्या आज मी लाटतो."