बाबांच्या सायकलचा एकच गेअर

माझ्या सासऱ्यांना लकव्याचा सौम्य झटका येऊन गेला आणि त्यांचा उजवा अंगठा कायमचा अडला. मूठ आवळता यायची, ब्रेक दाबता यायचा, पण गेअरचा खटका काही दाबला जात नव्हता. ते मूळचे राईचे. भाईंदर पश्चिमेच्या आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आले तरी मन गावातच. निवृत्तीनंतर त्यांनी हौसेनं गेअरची सायकल घेतली होती आणि रोज सकाळी त्यावरून ते राईला जायचे. तिथं त्यांचा लहानपणापासूनचा मित्र, खाडीत त्याची होडी. कधी कधी पुढं मोरव्यापर्यंत जाऊन यायचे.

झटक्यानंतर डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली, पण अंगठ्यानं घोळ केला. गेअर अर्धवट पडायचा, चेन निसटायची. एकदा मुर्ध्याच्या अलीकडे रस्त्यातच चेन उतरली आणि मागून बस आली. त्या संध्याकाळी माझ्या नवऱ्यानं सांगून टाकलं, "बाबा, आता सायकल बंद. रिक्षानं जा."

"रिक्षानं काय, पावना हाय मी?" बाबा म्हणाले आणि जेवले नाहीत.

मी नवऱ्याला म्हटलं, थांब, मी बघते. माझ्या वडिलांचं रत्नागिरीत भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. पाना धरतच मी मोठी झाले. गेअरच काढून टाकले तर अंगठ्याचं काम उरणार नाही, हे मला दिसत होतं.

रविवारी मी गॅलरीत वर्तमानपत्रं पसरली आणि सायकल उलटी केली. खटके काढले, केबल काढल्या, मागच्या चाकावरची दात्यांच्या चकत्यांची चळत उतरवली. त्यातली एकच चकती परत बसवली, ती सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंना नळीचे तुकडे घातले, चेन तोडून आखूड केली. या सायकलचं मागचं चाक जागेवरून मागं सरकवता येत नाही, त्यामुळे नुसती चेन आखूड करून ती हवी तेवढी ताणलेली राहत नाही. त्यासाठी गेअरच्या जागी टेन्शनर लावला. टेन्शनर म्हणजे स्प्रिंगची छोटी दांडी, टोकाला दात्यांचं चाक. चेन सैल पडली की ती ओढून धरते.

बाबा शेजारी खुर्चीत बसून बघत होते. "काय म्हन्तात याला?"

"टेन्शनर."

"म्हंजे माझं टेन्शन आता हा घेनार," ते हसले. झटक्यानंतर पहिल्यांदाच मोकळं हसले.

पण कुठली चकती ठेवायची हे ठरवताना मी त्यांना विचारलं नाही. लहान चकती ठेवली असती तर सायकल पूर्वीसारखी पळाली असती. मी मोठ्यातली मोठी निवडली. तिच्यावर पाय भराभर फिरतात, पण सायकल पुढं जाते ती मुंगीच्या चालीनं. मला तेच हवं होतं. वेग नाही, मोरवा नाही. घराच्या आसपासच फिरतील, नवऱ्यालाही शांत झोप लागेल. दोघांना मी एवढंच सांगितलं, "आता हलकी चालेल."

पहिल्या दिवशी बाबा घामानं निथळून परत आले. दुसऱ्या दिवशी राईच्या अलीकडूनच वळले. मग सोसायटीच्या गेटपासून तळ्यापर्यंत आणि परत. मला बरं वाटत होतं. मी स्वतःची पाठही थोपटली असेन.

नारळी पौर्णिमेच्या सकाळी बाबा धुतलेलं धोतर नेसून नुसते बसून होते. दरवर्षी मित्राच्या होडीची पूजा झाली की खाडीत पहिला नारळ बाबाच सोडायचे. त्या घराची तशी रीत होती.

"जायचं नाही?" मी विचारलं.

"न्हाय जमनार."

"रिक्षा आणू?"

"आनशील. पन होडीत चढायला पाय पायजेत ना." त्यांनी गुडघ्यांवर हात फिरवला. "गेले गो पाय. सायकल हलकी केलीस तू, तरी पेलवत न्हाय. आधी राई कधी आली कळायचं पन न्हाय. आता किती फिरवले तरी रस्ता सरत न्हाय. दोस्ताला मीच निरोप धाडलाय, नारळ तुझ्या पुतन्याला सोडायला सांग. त्यालाच मान दिला."

माझ्या हातात त्यांच्या चहाचा कप होता. तो मी खाली ठेवला, काहीतरी पुटपुटले आणि स्वयंपाकघरात गेले. त्यांचे पाय धडधाकट होते. ते थकलेत असं त्यांना वाटायला लावलं होतं मी, माझ्या हातांनी.

दुपारी ते झोपले तेव्हा मी लहान चकती शोधून काढली आणि ती बसवली. चेन थोडी सैल पडली, ती टेन्शनरनं ओढून घेतली. काम पटकन झालं. तेवढंच तर होतं.

गप्प बसता आलं असतं. त्यांना वाटलं असतं, व्यायामानं ताकद परत आली. तो मोहही झाला. पण ते उठल्यावर मी त्यांना खाली नेलं, एक चक्कर मारायला लावली आणि ते परत येऊन उतरले तेव्हा सगळं सांगितलं. काहीही सावरून घेतलं नाही.

बाबांनी वाकून मागच्या चाकावरची लहान चकती बघितली.

"तुला भ्याव वाटलं, बरोबर हाय," ते म्हणाले. "मग तोंडावर सांगायचं, बाबा, हळू जा. भांडलो असतो, पन ऐकलं असतं. असं लबाडीनं कशाला अडवलंस पोरी?"

ते काही दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा नवऱ्याला सांगायचे. नवऱ्यालाही मी खरं सांगितलं. तो चिडला, मग म्हणाला की मीही तसंच केलं असतं. त्यानं मला काही हलकं वाटलं नाही.

बाबा पुन्हा राईला जायला लागले. पोचले की फोन करायचा, मोरव्याला जायचं तर दुपारच्या शांत रस्त्यानं, हे आम्ही समोरासमोर बसून ठरवलं. यात त्यांनी दोन अटी माझ्याकडून मान्य करून घेतल्या आणि माझी एक साफ नाकारली.

हळूहळू बोलणं पूर्ववत झालं. एके दिवशी धीर करून मी विचारलं, "बाबा, पुढच्या वर्षी नारळाचा मान तुम्हाला परत घेता येईल का? मी जाऊन बोलते तुमच्या मित्राशी."

ते पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "न्हाय. दिलेला मान परत मागत न्हाय आमच्यात. तो पोरगा चांगला हाय, तो सोडंल." मग पेपर खाली केला. "तू ये मात्र. काठावर उभं ऱ्हाऊ दोघं."

मी हो म्हटलं आणि घाईनं आत गेले.