काम बघायचा तास

मुरुडपासून रेवसपर्यंत पोटापाण्याचा असा एकही उद्योग उरला नसेल, ज्यात माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीनं चौथीतली पोरं नेऊन घुसवली नाहीत. ताई मुरुडजवळच्या एका मराठी शाळेत शिकवतात. "मोठेपणी कोण होणार?" हा प्रश्न त्यांच्या वर्गात विचारायला बंदी आहे. एखादा पाहुणा साहेब येऊन तो विचारतोच, पोरं एका सुरात डॉक्टर, इंजिनियर, पोलीस म्हणून मोकळी होतात आणि ताईंचं डोकं फिरतं. "इंजिनियर दिवसभर करतो काय, ते तरी ठाऊक आहे का तुम्हांला?" असं त्या पोरांना विचारतात आणि साहेबाकडेही त्याच नजरेनं बघतात. त्यांचं म्हणणं असं, की माणसाला काम करताना बघावं, जमल्यास त्याच्या हाताखाली थोडं राबावं आणि मगच त्या कामाचं नाव घ्यावं. म्हणून शनिवारी शाळा सुटली की ही वरात निघते. बर्फाच्या कारखान्यातून पोरं सर्दी घेऊन आली. एसटीच्या डेपोत तर बस सुटायची वेळ टळून गेली तरी ड्रायव्हर पोरांना गिअर समजावत बसला होता आणि प्रवासी ताईंच्या नावानं खडे फोडत होते. "थांबा जरा, शाळा चालू आहे," असं ताईंनी त्यांना खालूनच सुनावलं.

काम करणाऱ्या प्रत्येकाला पोरांनी एक गोष्ट विचारायचीच, असा ताईंचा दंडक आहे: "तुमचं काय दुखतं?" दुखणं सांगितल्याशिवाय काम कळत नाही म्हणे. ड्रायव्हरची कंबर, मासे विकणाऱ्या कोळणीचे गुडघे, माडावर चढणाऱ्याची छाती, बँकेतल्या साहेबांची मान, सगळ्यांची दुखणी पोरांना पाठ आहेत. माझं इथं छोटंसं लॉज आहे, तिथंही ही वरात आली. आमची सुनंदामावशी खोल्या झाडत होती आणि मी गल्ल्यावर बसून मोठ्या रुबाबात सांगितलं, की देवाच्या दयेनं माझं काहीच दुखत नाही. सोमवारी वर्गात एका मुलानं उभं राहून सांगितलं, "काका चाव्या देतात. काम सुनंदामावशी करते." ताईंनी त्याला शाबासकी दिली आणि ही हकिकत माझ्याच घरी जेवताना मला ऐकवली. "भावोजी, पोरं बघतात तेच बोलतात," हे वर. पुढचे काही दिवस मी उगाचच बादल्या इकडून तिकडे नेत होतो.

या वर्गातल्या बऱ्याच पोरांचे वडील आखातात आहेत. बाबा काय करतात विचारलं की उत्तर एकच, "दुबईला असतात." ताई म्हणायच्या, "अरे, दुबई हे गाव झालं, काम कुठंय त्यात?" शेवटी त्यांनी वडिलांनाच व्हिडिओ कॉलवर बोलवायचं ठरवलं. शाळेत रेंज नाही, म्हणून वर्ग माझ्या लॉजच्या जेवणघरात भरू लागला. वायफाय माझं, सरबतही माझंच. कुणाचे वडील क्रेनच्या केबिनमधून बोलले, कुणाचे बेकरीतून. राहिली एकटी शमा. ती रोज विचारायची, "बाई, माझ्या अब्बांना कधी लावणार फोन?" तिची आई मात्र एके दिवशी लॉजवर आली आणि पदराशी चाळा करत ताईंना म्हणाली, "बाई, त्यांना नका लावू. पोरीला वाटतं अब्बा हाटेलात मॅनेजर हाय. ते धोबीखान्यात चादरी धुतात. पोरं हसली तर ती परत शाळंत यायची न्हाय." ताई म्हणाल्या, "नाही लावत." साऱ्या जगाला प्रश्न विचारत सुटलेल्या या बाईला आपला प्रश्न मागे घेताना मी पहिल्यांदाच पाहिलं. त्या दिवशी त्यांनी चहाही अर्धा टाकला. "चुकलंच का हो माझं?" असं जाताना मला विचारलं.

पण शमानं घरी हट्ट धरला असणार, कारण पुढच्या शनिवारी पोरं सरबत पीत असताना ताईंना व्हिडिओ कॉल आला तो तिच्या वडिलांचाच. "बाई, शमाचा अब्बा बोलतोय. पोरांना दाखवा माझं काम. किती दिवस लपवू?" मागे वाफ होती आणि चादरींचे ढीग. त्यांनी आणि एका मल्याळी सोबत्यानं खोलीएवढी चादर धरली, झटकली, एकमेकांकडे चालत आले, आणि बघता बघता तिची वहीएवढी घडी झाली. "परत करा, परत करा," म्हणून पोरांनी गिल्ला केला. एकानं विचारलं, "काका, तुमचं काय दुखतं?" "पाय," ते म्हणाले, "दिवसभर उभा असतो ना." कुणीही हसलं नाही. शमा तेवढी मान खाली घालून बसली होती. मग तिनं हळूच विचारलं, "अब्बा, म्हंजे तुमी मॅनेजर न्हाय?"

"न्हाय बेटा."

तिनं मान वर करून फोनकडे बघितलं. "मग मला पन शिकवा तशी घडी," ती म्हणाली, आणि आम्हां मोठ्या माणसांचा जीव भांड्यात पडला.

ताई निरोप घेऊ लागल्या तेव्हा ते म्हणाले, "बाई, माझं काम बघितलंत. आता तिचं दाखवा. शाळंत ती कशी करते ते मी कधी बघितलंच न्हाय." ते आखातात गेले तेव्हा शमा बालवाडीतही जात नव्हती, आणि सुट्टी मिळायची ती नेमकी मे महिन्यात, शाळा बंद असताना. ताईंनी जेवणघरातल्या फळ्यावरचे माझे सुरमई आणि बोंबील पुसून टाकले आणि शमाच्या हातात खडू दिला. एरवी फळ्याशी आलेल्या पोराला सोपं गणित घालणाऱ्या ताईंनी त्या दिवशी भलामोठा भागाकार घातला, सगळा फळा भरेल असा. शमा पाठमोरी उभी राहून ओठ हलवत आकडे मांडत होती, चुकलं की बोटानं पुसत होती. पलीकडे कुणीतरी तिच्या वडिलांना हाका मारत होतं, पण ते हलले नाहीत. ताईंनी फोन दोन्ही हातांनी उंच धरला होता आणि हात भरून आले तरी त्या तो खाली घेत नव्हत्या. मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेलो. परत आलो तेव्हा भागाकार संपत आला होता, आणि ताई शमाला हलक्या आवाजात सांगत होत्या, "सावकाश कर गं. घाई नाही."